बाबूलालचा गुरुवार

आमच्या लेआउटमध्ये पाण्याचा टँकर सकाळी साडेसहाला येतो. म्हणजे कधी साडेसातला येतो, कधी नऊला येतो, पण सांगायची वेळ साडेसहाच. नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे, तुरीची शेतं मोडून पाडलेला हा लेआउट. नळाची लाइन अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही आणि मार्च सरला की बोअर आटते. एकवीस घरं, आठवड्याचे सात वार, रोज तीन घरांचा नंबर. ज्याचा जो वार त्यानं त्या दिवशी टाकं, ड्रम, घागरी, काय असेल ते भरून घ्यायचं आणि मग आठवडाभर गप्प बसायचं. ही व्यवस्था बाबूलालनं बसवली. त्याआधी आम्ही शिकलेसवरलेले लोक टँकरभोवती कसे भांडायचो ते आठवलं तरी लाज वाटते. माझ्या बायकोनं, अरुंधतीनं, एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या डोक्यात प्लास्टिकचा मग घातला होता.

बाबूलाल माझा शेजारी. एका भिंतीआड गेली बारा वर्षं राहतो. जातीनं कोष्टी, बापाच्या हातमागावर वाढला, मग कापडगिरणीत विणकर झाला, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवत राहिला आणि निवृत्त होऊन इथं दोन खोल्यांचं घर बांधून बसला. आता सत्तरी ओलांडली. अंगानं काटकुळा, डोळे बारीक, आणि कपडा कुठलाही दिसला की दोन बोटांत चोळून पाहायची खोड. माझ्या नव्या सदऱ्याची त्यानं भर रस्त्यात अशी परीक्षा घेतलेली आहे आणि मान हलवून तो पुढे निघून गेला आहे.

टँकरची व्यवस्था त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती त्याच्या जुन्या कोष्टीपुऱ्यातली होती. मागावर ताणा चढवायच्या आधी त्या सुताला खळ लावावी लागते, त्याला पाजणी म्हणतात. पंचवीस-तीस हातांचा ताणा घरात मावत नाही, म्हणून पहाटे गल्लीतच बांबूच्या कैच्यांवर तो ताणायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी कुंचा मारत जायचं, ऊन चढायच्या आत. तेवढा वेळ गल्ली बंद. गल्ली एक आणि माग चाळीस, म्हणून प्रत्येक घराचा वार वाडवडलांपासून वाटून दिलेला. ज्याच्या हाती कुंचा, त्याचा वार. कोणाला आपला वार द्यायचा असेल तर चार लोकांदेखत कुंचा त्याच्या हातात ठेवायचा. एकदा दिला की दिला, परत मागायचा नाही.

आमच्याकडे त्यानं कुंच्याच्या जागी टँकरचा पाइप आणला, एवढाच फरक. ज्याच्या हातात पाइप त्याचा वार. आणखी एक कलम त्यानं घातलं, की सुटी बादली कोणालाच द्यायची नाही, कारण सगळी भांडणं बादलीपासून सुरू होतात. यादी एका पत्र्याच्या पाटीवर, त्याच्या वळणदार अक्षरात. स्वतःला त्यानं गुरुवार घेतला. त्यांच्या घराचा गल्लीतही गुरुवारच होता.

हा गुरुवार कसा मिळाला ते त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि तेही त्याच्या बायकोनं, कुसुमावतीवहिनींनी, विषय काढला म्हणून. बाबूलालचा आजा छत्तीसगडातल्या चांप्याकडून आला. पायी, बायको आणि दोन धोटे घेऊन. गल्लीनं त्याला खोली दिली, पण वार दिला नाही. वार भरले होते. अकरा वर्षं हा माणूस पहाटे उठून ताणा खांद्यावर घ्यायचा आणि नाल्याकाठी, जिथं गावाची गुरं बसायची, तिथं पाजणी करायचा. वारा आला की सूत मातीत, आणि गाय शिरली की सगळंच मातीत. मग शामलाबाई नावाच्या एका विधवेनं, जिचा माग नवऱ्यामागे बंद पडला होता, तिनं एका सकाळी आपला कुंचा त्याच्या हातात ठेवला. गल्लीतले चौघे ओरडले. पण कुंचा हातात होता.

आता आमची गंमत पाहा. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात वाईकडून नागपुरात आले. अडीचशे वर्षं झाली, तरी आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात पहिलं वाक्य असतं, ‘आम्ही मूळचे वाईकडचे.’ बाहेरून आलो हे आम्ही मिरवतो. बाबूलालनं ते जन्मभर लपवलं. शाळेत त्याला पोरं छत्तीसगढिया म्हणून चिडवायची. आजी त्याला रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी मीठ-कांदा घालून द्यायची, त्याला ती बासी म्हणायची. तर हा शाळेत ‘पोळी खाऊन आलो’ म्हणून सांगायचा. आलेला माणूस आणि आलेला माणूस यांतही वरचा मजला आणि खालचा मजला असतोच. मी वरच्या मजल्यावर जन्मलो यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

तर गेल्या वर्षी एप्रिलात नत्थू आला. मिहानकडे इमारतींची कामं चालतात, तिथं फरश्या बसवायचा. बायको कामिनी आणि एक लहान मुलगी. आमच्या गल्लीच्या टोकाला धोंडबाचं अर्धवट बांधलेलं घर आहे, त्यातली एक खोली त्यांना मिळाली. त्या घराचं नाव यादीत नव्हतं, कारण यादी झाली तेव्हा तिथं गवत होतं. पंधरा दिवसांत धोंडबाची बोअर आटली आणि धोंडबानं हात झटकले. टँकरमध्ये नंबर लावून घ्या, नाही तर महिन्याअखेर खोली सोडा, म्हणाला. वीस दिवस हातात होते.

कामिनी बाबूलालच्या फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत होतो. डोक्यावर पदर, हातात रिकामी घागर. नत्थू मागे.

“बबा,” ती म्हणाली, “हमन ला घलो एक नंबर दे दव.”

बबा म्हणजे आजोबा. आम्हालाही एक नंबर द्या, असं ती म्हणत होती. मला ते अंदाजानं कळलं. बाबूलालला अंदाजाची गरज नव्हती. त्याचा चेहरा असा झाला की कोणीतरी भर बाजारात त्याच्या लहानपणच्या नावानं हाक मारली.

“यादी भरली,” तो म्हणाला आणि एकदम हिंदीवर गेला. एरवी तो हिंदी बोलत नाही. “इक्कीस घर, तीन साती इक्कीस. जागा नहीं है.”

“बबा, एक घागर...”

“सुटी बादली नाही. नियम आहे.”

ती दोघं गेली. मग चार दिवसांनी पुन्हा आली, मग पुन्हा. कामिनी तोवर पलीकडच्या लेआउटमधून, जवळपास दीड किलोमीटरवरून, पाणी आणत होती. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत. आम्ही सगळे कूलर लावून पडलेले असायचो, आणि रस्त्यावर तिच्या चपलेचा आवाज यायचा. आमच्यापैकी कोणाला दया आली नाही असं नाही. पण दया आली म्हणून कोणी उठलं नाही. उलट आपल्या वतीनं बाबूलाल वाईटपणा घेतोय याचं सगळ्यांना बरंच वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी मी त्याला छेडलं. आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर बसलो होतो.

“बाबूलाल, तुझा आजा अकरा वर्षं नाल्याकाठी होता. तू तरी असं करावंस?”

तो पायाच्या अंगठ्याचं नख पाहत बसला. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. फार थकल्यासारखा बोलला.

“म्हणूनच, सुमंतभाऊ. माह्या आज्याले कोणं फुकट देल्लं? अकरा वर्षं त्यानं माती झाडली सुताची. माह्या बापाले गल्लीत मंग बसू देल्लं. अन् मले गिरणीत चिकटाले बापाले किती जणाईच्या पाया पडा लागलं. आता कुठं चार लोक ‘बाबूलालभाऊ’ म्हणून राहिले. अन् हे लोक एप्रिलात येतेत अन् मे महिन्यात नंबर मागतेत. मंग आम्ही जे भोगलं ते काहून भोगलं?”

“म्हणजे त्यांनीही अकरा वर्षं भोगावं?”

“तसं नाही म्हणून राहिलो मी.” तो थांबला. “तुमाले नाही समजत ते. तुमाले कोणी विचारतच नाही कुठचे म्हणून. मले ते बाई बोलली का माही आजी बोलल्यावानी वाटते. पूर्ण गल्लीले ऐकू गेलं असन, असं वाटते. मले भेव वाटते, सुमंतभाऊ. हे इथं राहिले तं लोक म्हणतीन, हे पाहा, बाबूलालचे गाववाले आले.”

त्याच्या मुलाचा, वैभवचा, पुण्याहून त्याच आठवड्यात फोन आला होता. एका सोसायटीत भाड्याचं घर जवळजवळ ठरलं, आणि ‘तुम्ही तिकडचे, विदर्भातले का’ असं विचारून मालकानं बेत फिरवला. त्या दिवशी बाबूलालनं पुणेकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, इतक्या मोठ्यानं की अरुंधतीनं खिडकी लावून घेतली. मला त्याची आठवण करून द्यावीशी वाटली. पण त्याला ती असणारच. माणसाला सगळं आठवत असतं, तरी तो तेच करतो.

कुसुमावतीवहिनी आत पोळ्या लाटत होत्या. उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी, पाच फुटांच्या आत उंची, बोलणं कमी. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं हे मला पुढच्या गुरुवारी कळलं.

त्या गुरुवारी टँकर चक्क वेळेवर आला. बाबूलालचा पहिला नंबर. पाइप नेहमीप्रमाणे वहिनींनी धरला, कारण टाक्याचं झाकण उघडायला बाबूलालला वाकवत नव्हतं. कामिनी पलीकडच्या लेआउटकडे निघाली होती, कडेकडेनं, आमच्याकडे न पाहता.

“अवं, ए कामिनी,” वहिनींनी हाक मारली. “इकडं ये.”

ती आली. वहिनींनी पाइप तिच्या हातात ठेवला आणि तिची बोटं वरून दाबली, सुटू नयेत म्हणून.

“आजपासून गुरुवार तुहा,” त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला पाहून मोठ्यानं म्हणाल्या, “पाहून घ्या गा सगळ्याईनं.”

ड्रायव्हरनं कॉक उघडला होता, पाणी कामिनीच्या पायांवर पडत होतं आणि ती नुसती उभी होती. बाबूलाल फाटकातून धावतच आला.

“डोकं फिरलं काय तुहं? आपला वार देऊन राहिली तू!”

“आपला नव्हताच तो,” वहिनी म्हणाल्या. “शामलाबाईचा होता. आपल्याले देल्ला होता तिनं.”

मी त्या दोघांकडे पाहत होतो. नियम त्यानंच आणला होता. पाइप हातात होता, चार लोक बघत होते, आणि एकदा दिलेला वार परत मागायचा नसतो. तो आत गेला, रंगाचा डबा घेऊन आला आणि पाटीवरचं स्वतःचं नाव पुसून तिथं ‘नत्थू’ असं लिहिलं. अक्षर नेहमीइतकंच वळणदार. मग तीन आठवडे तो बायकोशी बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, मग यांनी पाणी कुठून भरलं? कामिनीनं त्या दिवशी पाइप आधी बाबूलालच्या टाक्यात सोडला, ते भरलं, मग आपले दोन ड्रम भरले. पुढच्या गुरुवारीही तसंच. कोणी तिला सांगितलं नव्हतं. धोंडबानं खोली ठेवली आणि मुलगी जूनमध्ये जवळच्या शाळेत जाऊ लागली. एवढं सगळं झालं, आणि आमच्या कोणाच्याही टाक्यातलं पाणी एक इंचानंही उतरलं नाही.

दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या. ताप आला, पाच दिवस अंगावर काढला आणि सहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. वैभव आला, दिवस करून परत गेला, बाबांना पुण्याला चला म्हणाला. बाबूलाल गेला नाही. “तिथं मी कुठचा म्हणून सांगू?” असं मला म्हणाला. त्यानंतर त्याचे गुडघे गेले आणि बोलणंही आटलं. संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसायचो, तो माझ्या सदऱ्याची बाहीही चोळून पाहायचा नाही. सकाळी कामिनी डबा ठेवून जायची. एकदा झाकण उघडं होतं म्हणून मला दिसलं. पाण्यातला भात, मीठ, चिरलेला कांदा. तो खात होता, आणि मला पाहून त्यानं डबा झाकला नाही.

टँकरची यादी सांभाळायला कोणीतरी हवं होतं. ते काम नत्थूकडे गेलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं ते आमच्यापेक्षा बरं केलं. ड्रायव्हरला सकाळी सहाला फोन करायचा, उशीर झाला तर शिव्या घालायचा. वर्षभरात त्याची भाषाही बदलली. ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’ तो असं म्हणायला लागला की नवख्याला वाटावं, हा इथलाच. मुलगी तर घरी आईला मराठीत दटावायची.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता. मंगळवार आमचा. पाइप माझ्या टाक्यात सोडलेला, नत्थू पाटीजवळ हात मागे बांधून उभा. तेवढ्यात गल्लीच्या पलीकडच्या नव्या बांधकामावरून एक बाई आली. बालाघाटकडची होती, नाव काजल, हे मला नंतर कळलं. कडेवर पोर, दुसऱ्या हातात दोन रिकाम्या कॅन.

“भैया, हमारा भी नाम लिख लो,” ती नत्थूला म्हणाली. “उधर का बोर सूख गया.”

“यादी भरली,” नत्थू म्हणाला.

“एक डिब्बा ही दे दो.”

“सुटं पाणी देत नाही इथं. नियम आहे.” मग तो आमच्याकडे वळला, आमच्यातलाच एक होऊन, आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, “आज एक आली, उद्या दहा येतीन. बाहेरच्याले किती पुरवावं गा आपण?”

बाबूलाल ओट्यावर खुर्चीत बसला होता. तो काठी टेकत उठला. फाटकापर्यंत यायला त्याला वेळ लागला. कामिनी आपल्या दारात येऊन उभी होती.

“लिहून घे ना गा तिचं नाव,” बाबूलाल म्हणाला.

“कुठं लिहू, बबा?” नत्थू आदरानंच बोलला. “तीन साती इक्कीस. तुमीच बसवलं हे.”

बाबूलालनं त्याच्याकडे नीट पाहिलं. खालपासून वरपर्यंत, कपडा पाहावा तसं.

“झाला बाप्पा तू नागपूरचा,” तो म्हणाला.

नत्थूला ती शाबासकी वाटली. तो हसला.

बाबूलाल मग त्या बाईकडे वळला. त्यानं आपला उजवा हात थोडा पुढे केला आणि तसाच खाली घेतला. “माह्याजवळ तं द्याले वारच नाही राहिला, बाई,” असं तो तिला म्हणाला. तिला ते कळलं नसावं. ती कॅन घेऊन उभीच होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

पाइप माझ्या हातात होता. एकवीस घरांत त्या क्षणी फक्त माझ्याच हातात होता. माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत, घरात आम्ही दोघं म्हातारी, आणि आमचं टाकं पाच हजार लिटरचं, लेआउटमधलं सगळ्यात मोठं. बाबूलाल नुसता पाहत राहिला. अडीचशे वर्षांपूर्वी वाईहून कोण आला, त्याला इथं पहिल्यांदा कोणी पाणी दिलं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

“अहो,” अरुंधती आतून ओरडली, “टाकं भरलं! पाणी वाहून जातंय, पाइप काढा!”

बाई वळून चालू लागली होती. पाणी टाक्याच्या कडेवरून माझ्या पायांवर आणि पायांवरून रस्त्यावर जात होतं, आणि मी पाइप घट्ट धरून उभा होतो.